दारिद्र्य आणि यज्ञचक्र

बंगळूरजवळील व्हाइटफील्ड ही वसाहत १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या भूमीवर वसली. अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करून स्वावलंबी व्हावे, हा हेतू. पण वस्ती लहानच राहिली. आज तेथे संगणक-उद्योगांचे उत्तुंग प्रासाद आहेत, आणि ते बांधणारा मजूर पत्र्याच्या खोपटात राहतो. मग दारिद्र्याचे कारण केवळ संपत्तीचा अभाव कसे म्हणावे? देवांनी दिलेले त्यांस न अर्पिता भोगणाऱ्याला गीतेचा तिसरा अध्याय चोर म्हणतो. श्रमिकाचे हात त्या यज्ञचक्राबाहेर आहेत काय? कोणी म्हणेल, दानधर्म तर पुष्कळ होतो. होतो खरा, परंतु श्रमाचे वेतन हे दान नव्हे, ऋण आहे. ते पूर्ण व वेळेवर फिटावे, आणि बांधकाम हलले म्हणून मजुराच्या मुलाची शाळा सुटू नये. अन्नछत्राचा विचार त्यानंतर.