क्षणभंगुर आणि क्षुद्र

जें टिकत नाहीं तें क्षुद्र होय काय, हा प्रश्न ग्रंथांत मीं अनेकदां वाचला होता. परंतु त्याचें उत्तर देण्याचा प्रसंग मजवर आला तो कच्छच्या छोट्या रणांत. कार्तिकांत मी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन तेथें गेलों होतों.

हें रण म्हणजे वाळूचें वाळवंट नव्हे. एके काळीं येथें उथळ समुद्र होता. तो गाळानें भरून आला. पावसाळ्यांत अजूनहि येथें पाणी पसरतें. तें आटलें म्हणजे चिखल तडकून बहुकोनी भेगा पडतात व ठिकठिकाणीं मिठाचा पांढरा पापुद्रा चढतो. पलीकडच्या मोठ्या रणांत तर १६ जून १८१९ रोजीं भूकंपानें सिंद्रीच्या किल्ल्याभोंवतालचा प्रदेश खचून पाण्याखालीं गेला, आणि उत्तरेस जमिनीचा लांबलचक बांध वर उचलला गेला. माणसानें न बांधलेल्या त्या बांधास लोकांनीं 'अल्लाबंद' म्हटलें. हें सांगून मी किंचित् ऐटीनें म्हणालों, "येथें कायमचें असें कांहींच नाहीं!"

दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थी अगरियाच्या वाफ्यांतून सरळ चालत गेला. अगरिये पावसाळा सरतांच रणांत येतात, विहिरी खणून भूगर्भांतील खारें पाणी उपसतात, आणि वाफ्याचा तळ दिवसेंदिवस पायांनीं तुडवून घट्ट करतात. त्या तळावर बुटांच्या खोल खुणा उमटल्या. म्हातारा अगरिया बोलला नाहीं. वांकून एकेक खूण बुजवूं लागला. मीं विद्यार्थ्यास दटावलें, तेव्हां तो निरागसपणें म्हणाला, "सर, पुढल्या पावसांत हें सारें वाहूनच जाणार ना?"

वाक्य माझेंच होतें. म्हाताऱ्यास तें माझ्याहून अधिक ठाऊक होतें. दरसाल आपलें काम पुसलेलें पाहतच तो म्हातारा झाला होता. लक्षावधि वर्षांच्या मापानें भूमीची घडण कळते. पण माणसाच्या श्रमांची किंमत ठरविण्याचें तें माप नव्हे. शिवाय त्या मापानें आपण बहुधा दुसऱ्याचेंच नुकसान क्षुद्र ठरवितों. आपलें एका महिन्याचें वेतन चुकलें तर युगांची आठवण कोणास होते? ज्याच्या वांट्यास युगें नाहींत, त्याचा एक हंगाम हेंच त्याचें सर्वस्व असतें.

मीं बूट काढले, विद्यार्थ्यांनींहि काढले. तळ कसा तुडवावा हें त्या म्हाताऱ्यानें आम्हांस हंसत हंसत दाखविलें. सायंकाळपर्यंत खुणा बुजल्या. माझ्या टांचा मात्र रात्रभर झोंबत होत्या.