शेजारी बसण्याची सेवा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या रानातल्या वाटेवर एक रथ चालला आहे. रथात कूशी लोकांच्या राणीचा खजिनदार बसला आहे. मोठ्या हुद्द्याचा, जाणता माणूस. यशयाचा ग्रंथ तो वाचतो आहे, पण अर्थ लागत नाही. फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचता ते समजते का? खजिनदार संकोच न करता सांगतो की कोणी दाखवल्यावाचून कसे समजणार. आणि त्याला आपल्याजवळ येऊन बसण्याची विनंती करतो.

पुढे काय घडले ते आपण जाणतो. जे घडले नाही त्याकडेही आपण लक्ष द्यावे. फिलिप्पाने ग्रंथ त्याच्या हातून ओढून घेतला नाही. एवढेही कळत नाही का, असे तो म्हणाला नाही. तो शेजारी बसला, आणि वाचन जेथे अडले होते तेथूनच त्याने सुरुवात केली.

आज असा प्रसंग आपल्या घराघरांत घडतो. ग्रंथाच्या जागी संगणक किंवा मोबाइल असतो, आणि अडलेला माणूस आपलाच वडीलधारा असतो. अशा वेळी आपण फिलिप्पासारखे वागतो का? मी तसा वागलो नाही, हे मला प्रथम कबूल केले पाहिजे.

माझे वडील रेल्वेत होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकाद्वारे देण्याची सोय झाली, आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून तो घरबसल्या देता येतो. २०२२ साली आईने विचारले, “हे कसे करायचे, दाखवशील का?” मी म्हणालो, “दे इकडे.” थोड्याच वेळात काम झाले. मी सेवा केली असे मला वाटले. पुढच्या वर्षी तिने मला विचारलेच नाही. दुखरे गुडघे घेऊन ती बँकेच्या रांगेत उभी राहिली. मी रागावलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तुला घाई असते रे.”

तिनेच माझा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला होता. तेव्हा “दे इकडे” म्हणून तिने पेन्सिल काढून घेतली असती, तर अक्षर सुबक आले असते. पण मी लिहायला शिकलो नसतो.

तरुण वाचकहो, हे अंतर बुद्धीचे नाही, सवयीचे आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांनी जी यंत्रे हाताळली त्यांत एका बटणाला एकच काम असे. पडद्यावरची बटणे क्षणोक्षणी बदलतात, आणि काल होती तेथे आज सापडत नाहीत. चुकीचे दाबले तरी मागे येता येते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यांना यंत्र बिघडेल किंवा पैसे जातील अशी धास्ती वाटते. म्हणून मोबाइल त्यांच्याच हाती राहू द्या. बोट त्यांचे असू द्या, शब्द तुमचे. पायऱ्या त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरांत लिहून घेऊ द्या. तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली, तर चौथ्यांदा सांगा. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा तो घाईत नव्हता.

यात केवळ मनाच्या दुखण्याचा प्रश्न नाही. घरच्यांना विचारण्याची लाज वाटू लागली की माणूस परक्याचे ऐकतो. बँकेतून बोलतो असे सांगणारा भामटा आजीशी गोड बोलतो आणि ओटीपी मागतो. खरी बँक ओटीपी कधीही विचारत नाही, हे आईला आपण रागावून नव्हे, तर शेजारी बसून सांगितलेले असावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हेही तिच्या वहीत लिहिलेले असावे.

वडीलधाऱ्यांनो, आपणांसही एक विनंती. खजिनदाराने आपला हुद्दा आड येऊ दिला नाही. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी म्हणून देशभर गाजल्या होत्या. तरी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी चाळिशी उलटल्यावर त्या इब्री आणि ग्रीक यांच्या मुळाक्षरांपाशी बसल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील मुलींना त्यांनी छापखान्याचे काम शिकवले. १९२२ साली बाई प्रभूकडे गेल्या. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. स्वतः शिकण्याची त्यांना लाज वाटली नाही, आणि जे येत होते ते त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिले. म्हणून काम थांबले नाही.

फिलिप्पाच्या कथेचा शेवटही असाच आहे. प्रभूचा आत्मा त्याला तेथून घेऊन गेला. खजिनदार एकटा राहिला, पण अडला नाही. आनंद करीत तो आपल्या वाटेने पुढे गेला. शिकवणारा निघून गेल्यावर शिकणाऱ्याला पुढे जाता येते का, हीच शिकवण्याची कसोटी होय. आपल्या मंडळीत महिन्यातून एका रविवारी, उपासनेनंतर तासभर, तरुणांनी वृद्धांच्या शेजारी बसावे. त्यासाठी ना निधी लागतो, ना ठराव.

२०२४ च्या नोव्हेंबरात आईने वही समोर ठेवून हयातीचा दाखला स्वतः दिला. मी शेजारी हात बांधून बसलो होतो. हात बांधून बसणेच कठीण होते. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या काकूंना शिकवायला गेली.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्या चालीने आमच्याबरोबर चालतोस. आमच्या घाईची आम्हांला क्षमा कर. ज्यांनी आमचे हात धरून आम्हांला शिकवले, त्यांच्या शेजारी बसण्यास आम्हांला वेळ आणि धीर दे. आमेन.