प्रश्न आधी, यंत्र नंतर

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात वैद्यक शिकवणाऱ्या सांतोरियोला एका प्रश्नाने पछाडलं होतं. माणूस जेवढं खातो-पितो, त्या मानाने शरीराबाहेर टाकलेलं वजनात फार कमी भरतं. मग उरलेलं जातं कुठे? त्याने तराजूला खुर्ची टांगली आणि सुमारे तीस वर्षं स्वतःला, ताटातल्या अन्नाला आणि मलमूत्राला तोललं. त्वचेतून आणि श्वासातून नकळत किती निघून जातं, याचा हिशेब त्याने १६१४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याचं यंत्र प्रश्नाच्या पोटी जन्मलं होतं.

आपल्या काळात यंत्र आधी येतं आणि प्रश्न ते स्वतःच घेऊन येतं. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने ‘मानपोकेई’ हे पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. दहा हजारांचा आकडा त्याच्या नावातच होता आणि तिथूनच तो जगभर रूढ झाला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावत होता. इतकी वर्षं कितीतरी माणसं सात हजार चालून आल्यावरही खंतावत झोपली असतील.

फिटनेस बँड घ्यावा की फोनमधलं फुकटचं ॲप पुरे, हे ठरवताना कोणत्या यंत्राला काय कळतं ते पाहावं. फोनला फक्त हालचाल कळते, तीही तो अंगावर असेल तर. साडीला खिसा नसतो. दिवसभर ओट्यापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून नळापर्यंत येरझाऱ्या घालणाऱ्या बाईचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला असतो, आणि रात्री ॲप तिला आळशी ठरवतं. बँड मनगटावर असतो, पण तोही हाताच्या हेलकाव्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. भाकरी थापताना हात हलतो तेव्हा त्यातली काही पावलं म्हणून जमा होऊ शकतात. भाजीची ढकलगाडी धरून चालताना हात स्थिर राहतो, तेव्हा खरी पावलं हिशेबातून सुटू शकतात.

बँडला एक गोष्ट मात्र जास्त कळते. त्याच्या पोटाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो आणि त्याच्या कमीजास्त होण्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. अ‍ॅपल वॉच वापरणाऱ्या सुमारे ४ लाख १९ हजार जणांच्या अभ्यासात अनियमित ठोक्यांची सूचना केवळ ०.५२ टक्के लोकांना मिळाली. त्यांतल्या ज्यांनी ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा विकार, आढळलं. म्हणजे सूचना हे निदान नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगीही ती नाही.

वजन उतरवण्याच्या बाबतीत मात्र हा पट्टा तितका तारक ठरलेला नाही. अमेरिकेत तरुणांवर झालेला दोन वर्षांचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाची नोंद स्वतः ठेवणाऱ्यांचं वजन सरासरी ५.९ किलो घटलं. अंगावर यंत्र लावणाऱ्यांचं ३.५ किलो. नोंद करण्यासाठी थांबावं लागतं, आठवावं लागतं, स्वतःला उत्तर द्यावं लागतं. हे काम यंत्राकडे सोपवलं की त्यातलं भानही सुटत असावं, असं मला वाटतं.

राहिला किमतीचा प्रश्न. बँडचे पैसे एकदा मोजावे लागतात, फुकटच्या ॲपची किंमत बहुधा माहितीच्या रूपाने वसूल होते. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ ॲपने स्त्रियांची खाजगी माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये ठेवला होता. बँड घेतला म्हणून आपण यातून सुटत नाही. त्याचाही हिशेब अखेर कोणत्या तरी ॲपमध्येच जमा होतो.

आणि मोजायला दर वेळी यंत्रच लागतं असंही नाही. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त दिनचर्या सांगताना बलवानानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असं सांगितलं. ही अर्धी शक्ती ज्याची त्याने ओळखायची. आजचे डॉक्टरही सोपी खूण सांगतात: बोलता यावं पण गाता येऊ नये, इतक्या वेगाने चाला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. चालण्याची सवय लावायची असेल, तर फोनमधलं साधं ॲप पुरे. ते घेताना संपर्क, ठिकाण, फोटो अशा अनावश्यक परवानग्या नाकारा. नाडीवर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा मॅरेथॉनचा सराव चालू असेल, तर बँडवर पैसे जरूर खर्च करा. आणि यंत्राला काय विचारायचं आहे हे अजून ठरलंच नसेल, तर काहीही विकत न घेता उद्या सकाळी अर्धा तास चालून या.