दीड तासाची बकरी

आपल्याकडच्या भुतांचं एक बरं असतं. प्रत्येकाला काहीतरी घराणं असतं. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे इस्टेटीत जीव अडकलेला कुणी म्हातारा. पिंपळावरच्या भुताला नुसतं 'बाबा रे, तू कोण?' म्हणून विचारा, ते आधी आपली कर्मकहाणी सांगेल आणि मगच मानगुटीवर बसेल. वेताळाचं तर विचारूच नका. विक्रमाच्या खांद्यावरून जाता जाता तो पंचवीस गोष्टी ऐकवतो आणि गोष्ट संपली की न्यायान्यायाचा असा अवघड प्रश्न टाकतो की भल्याभल्या वकिलांनी तारीख मागून घ्यावी.

अमेरिकेतलं झोंबी नावाचं भूत मात्र अगदीच बेवारशी. शब्द हैतीतला, तिथल्या गुलामगिरीच्या दिवसांतून आलेला. पण १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट काढला, आणि आजचा झोंबी चालू लागला तो तिथून. त्याला वासना नाही, सूड नाही, गाऱ्हाणं नाही. त्याला फक्त भूक आहे. त्याच्या डोक्यात घाव घालायचा आणि पुढे जायचं. बिचाऱ्याला कुणी पूर्वकथा विचारत नाही.

अशा या झोंबींवर 'द वॉकिंग डेड' नावाची मालिका २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं चालली. अकरा पर्वं, एकशे सत्त्याहत्तर भाग! माझी तिच्याशी गाठ पडली २०१५ च्या शरदात, न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो तेव्हा. दर रविवारी रात्री नऊ वाजता आमचे जावई, त्यांचे नागपूरचे एक मित्र आणि समोरच्या घरातले एक अमेरिकन गृहस्थ, अशी त्रिमूर्ती दिवाणखान्यात बसे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. आमची सौ. मेथी निवडत. रक्ताची चिळकांडी उडाली की ती मान न वळवता विचारायची, "झालं का?"

त्या वेळी अमेरिकेवर संकट कोसळलं होतं. २५ ऑक्टोबरच्या भागात ग्लेन नावाचा सर्वांचा लाडका पोरगा कचऱ्याच्या एका भल्या थोरल्या पेटीवरून झोंबींच्या घोळक्यात पडला होता. मेला की वाचला? आठवडाभर जावयांच्या कचेरीत दुसरा विषय नव्हता.  १ नोव्हेंबरचा रविवार उजाडला. त्याच पहाटे तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घेतात. त्यामुळे वाट पाहायला आणखी एक तास वाढीव मिळाला होता. भागही नेहमीपेक्षा अर्ध्या तासाने मोठा, दीड तासाचा. मंडळी सरसावून बसली. आणि पडद्यावर काय आलं?

एक बकरी.

रानातलं लाकडी घर, दाराशी टॅबिथा नावाची बकरी, आणि तिच्या दुधाचं चीज करणारा ईस्टमन नावाचा एक शांत गृहस्थ. तिथे मॉर्गन येऊन पडतो. हा पहिल्या भागापासूनचा माणूस. झोंबी झालेल्या बायकोवर बंदूक रोखून जो रडला, तोच. तिच्यावर गोळी घालणं जमलं नाही म्हणून पुढे मुलगाही गेला, आणि मग दिसेल त्याला मारत सुटला, जिवंत काय नि मेलेला काय. ईस्टमन त्याला एका पिंजऱ्याच्या कोठडीत टाकतो आणि जेवायला देतो. मॉर्गन ओरडतो, मला मारून टाक. ईस्टमन म्हणतो, चीज कसं झालंय? पुढे काठी फिरवणं, आयकिदो, म्हणजे समोरच्याला न मारता त्याचा हल्ला वळवायची जपानी विद्या, आणि सगळ्यांवर एकच सूत्र : प्रत्येक जीव मोलाचा आहे.

"हे काय दाखवून राह्यले बे!" नागपूरकर कळवळले. "तिकडे तो पोट्टा मरून राहिला, अन् हे बकरी दाखवतात!"

जावई म्हणाले, "बाबा, हे भाग भरायला घालतात. गोष्ट एक इंचभर पुढे सरकलेली नाही."

समोरचे गृहस्थ मात्र डोळे पुसत होते. त्यांच्या मते आजवरचा हा सर्वांत उत्तम भाग. झाली जुंपायला सुरुवात!

मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे कीर्तनाला पूर्वरंग संपल्यावरच येणारी एक जमात असते. तिला निरूपण नको, आख्यान हवं. महाभारताचंच घ्या. दोन्हीकडे सैन्यं उभी, शंख फुंकून झालेले, आणि ऐन वेळी अर्जुन खाली बसतो. अठरा अध्याय, सातशे श्लोक, एक बाण सुटत नाही! कौरवांच्या मागच्या रांगेतला एखादा शिपाई शेजाऱ्याला नक्की म्हणाला असेल, 'हे भाग भरायला घालतात.' पण मारावं की न मारू हा प्रश्न पडला की रथ थांबवावाच लागतो. चालत्या रथातून बाण मारता येतो, विचार करता येत नाही.

आता खरी गोम पुढे आहे. पूर्वकथा आपण बहुधा वाईट माणसाची ऐकतो. लहानपणी त्याला बापाने मारलं, उपाशी ठेवलं, म्हणून तो दरोडेखोर झाला. ऐकून आपण हळहळतो आणि शिक्षेतले चार महिने कमी करतो. इथे उलटं होतं. ईस्टमन तुरुंगातल्या कैद्यांची मनं तपासणारा डॉक्टर. बाहेर सोडायच्या लायकीचा कोण, हे सांगणं त्याचं काम. एका कैद्याचं खरं रूप त्याने ओळखलं. तो पुढे पळाला आणि त्याने ईस्टमनच्या बायकोचा आणि दोन मुलांचा जीव घेतला. मग या सज्जनाने त्याला पकडून आणलं, त्याच कोठडीत डांबलं आणि उपाशी मारलं. सत्तेचाळीस दिवस लागले. त्या सत्तेचाळीस दिवसांनी मनाला शांती मिळाली नाही. तेव्हापासून त्याने ठरवलं, पुन्हा कुणाला मारायचं नाही. म्हणजे खुनाचा उगम सगळेच दाखवतात. या दीड तासात दाखवला तो दयेचा उगम. आणि दया संथ असते हो! खून एका क्षणात उरकतो. माणूस ओळखायला मात्र बसावं लागतं, बकरीसकट. ईस्टमन तर मारलेल्या झोंबींच्याही खिशातले परवाने काढून नावं वाचतो आणि पुरून त्यावर नाव लावतो. त्या बेवारशी भुतांना घराणं देणारा हा एकच माणूस मला त्या मालिकेत भेटला.

मी हे रंगात येऊन बोलत होतो. तेवढ्यात सौ.ने मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्याची बायको-मुलं गेली, त्याने माफ करावं की करू नये, हे त्याचं तो बघेल. पण दुसऱ्याची बायको-मुलं जायची असतील, तर त्यांच्या वतीने माफ करणारा हा मॉर्गन कोण?"

खोलीत शांतता पसरली. वेताळाने इतका सरळ प्रश्न कधी विचारला नसेल. कारण त्याच पर्वात मॉर्गनने 'वुल्व्ज' म्हणवणाऱ्या मारेकऱ्यांपैकी काही जणांना जिवंत जाऊ दिलं होतं, आणि त्यांनी पुढे जाऊन त्याच्याच मित्रावर, रिकवर हल्ला केला होता. दया मॉर्गनची, आणि बिल रिकच्या नावावर! अहिंसेविरुद्धचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत खरा आक्षेप आहे. आपला गाल पुढे करणं हे पुण्य. शेजाऱ्याचा गाल पुढे करणं याला काय म्हणायचं?

उत्तर त्या भागाच्या शेवटीच होतं, पण चिडलेल्या मंडळींनी ते पाहिलं नाही. ईस्टमनच्या कोठडीला कुलूपच नव्हतं. मॉर्गनला हवं तेव्हा बाहेर पडता आलं असतं. ही सगळी कथा मॉर्गन सांगतो ती पकडून ठेवलेल्या एका वुल्फला. ती ऐकून तो शांतपणे म्हणतो की, सुटलो तर तुला आणि इथल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा मारीन. मॉर्गन त्याला मारत नाही. उठतो, बाहेर येतो आणि दाराला कुलूप लावतो. गुरूचं दार उघडं होतं, शिष्याने बंद केलं. मला यात गुरुद्रोह दिसत नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा असेल तर दार उघडं ठेवावं. वस्ती दुसऱ्यांची असेल तर कडी घालावी. मारायचं नाही, आणि मोकाटही सोडायचं नाही.

सौ.ला हे पटलं. "कडी बाहेरून," ती म्हणाली, "आणि ताट वेळेवर."

पुढचा हिशेब सांगण्यासारखा आहे. तो वुल्फ नंतर डेनिस नावाच्या डॉक्टरीणबाईंना ओलीस धरून बाहेर पडला खरा, पण झोंबींच्या गर्दीत त्यानेच त्यांना वाचवलं आणि स्वतः गेला. त्याच रात्री रिकच्या मुलाच्या डोळ्यात गोळी घुसली, आणि त्याला वाचवलं डेनिसबाईंनी. म्हणजे खर्चाच्या बाजूला रिकवरचा हल्ला, जमेच्या बाजूला रिकचाच मुलगा. दोन्ही नोंदी खऱ्या. वही कुठल्या पानावर मिटवता, त्यावर दया फायद्याची की तोट्याची ते ठरतं. म्हणून फायदा बघून दया करू नये आणि तोटा बघून सोडू नये, असं मला वाटतं. कडीचं मात्र विसरू नये.

त्या रात्री साडेअकराला मंडळी उठली. जावई आणि शेजारी दारातही वाद घालत होते. नागपूरकरांनी बूट चढवले, एक नाडी बांधली, दुसरी हातात धरून थांबले.

"काका, तुमचं दयाबिया समदं ठीक आहे. पण तो ग्लेन जित्ता आहे का नाही, ते सांगा ना!"

ते कळायला आणखी तीन आठवडे लागले. पोरगा पेटीखाली सरकून वाचला होता. (पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात त्याला दुसऱ्या एकाने बॅटने मारलं. पण ते असो.) तिन्ही आठवडे नागपूरकरांचं जेवणात लक्ष नव्हतं, असं त्यांच्या सौभाग्यवतींनी आमच्या लेकीला फोनवर सांगितलं. बकरीला शिव्या देणारा हा माणूस एका खोट्या पोराच्या जिवासाठी वीस-एकवीस दिवस तळमळला. प्रत्येक जीव मोलाचा आहे हे ईस्टमनला शिकायला सत्तेचाळीस दिवस लागले होते.