काणाडोळा

प्रवासाला निघण्यापेक्षा प्रवास आखण्यात मला जास्त गोडी आहे. निघाल्यावर गाडी चुकते, पोट बिघडतं, बॅगेची किल्ली बॅगेतच राहते. आखताना यातलं काही होत नाही. चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत रजिस्टरं भरल्यामुळे रकाने आखायचे आणि त्यात जग बसवायचं ही मला खोडच लागली आहे. नात्यागोत्यात कुणाची अष्टविनायक यात्रा असो की अंदमान, दोनशेपानी वही माझ्यापुढे येते.

तेव्हा माझा भाचा बंड्या जेव्हा म्हणाला, "मामा, यंदा ॲम्स्टरडॅमला जायचं ठरतंय. तू नि मामीपण चला. आखणी तुझी," तेव्हा मी लगेच नवी वही काढून पहिल्या पानावर 'श्री' घातला.

"कोण कोण?"

"आम्ही दोघं, तुम्ही दोघं."

"काही खास अट?"

"एकच. आम्हाला चालेल असं शहर हवं होतं, म्हणून ॲम्स्टरडॅम."

मी रकान्यात 'शाकाहारी' असं लिहिलं. बंड्याने वहीत डोकावून पाहिलं. "मामा," तो म्हणाला, "मी मटण खातो."

आता थोडा खुलासा केला पाहिजे. 'आम्ही दोघं' म्हणजे बंड्या आणि मिलिंद. नऊ वर्षं एकत्र राहतात. आमच्या घराण्यातली अधिकृत माहिती अशी की, ते भाडं वाचवण्यासाठी एकत्र राहतात. राहता फ्लॅट दोघांनी मिळून कर्ज काढून विकत घेतलेला आहे, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे जिलबी खाऊन आलो आहोत. तरी ते भाडं वाचवतात ते वाचवतातच.

मराठीत डोळ्यांना कामं फार. डोळे वटारतात, डोळा मारतात, डोळ्यांत भरतात, डोळ्यांवर येतं. पण मध्यमवर्गाने सगळ्यांत जास्त राबवलेला डोळा म्हणजे काणाडोळा. मी गिरगावात चाळीत वाढलो. तिथे दोन खोल्यांमधली भिंत नावालाच. शेजारी रात्री नवराबायकोचं भांडण जुंपलं की शब्दन् शब्द आमच्याकडे ऐकू यायचा. एखादा शब्द त्यांना नाही सुचला तर आम्हाला सुचायचा. पण सकाळी नळावर गाठ पडली की, "आज पाणी बारीक आहे, नाही?" एवढंच. याला कुणी ढोंग म्हणेल, मी म्हणणार नाही. एवढ्या माणसांनी एवढ्या जागेत राहायचं तर दुसऱ्याचं निम्मं आयुष्य न पाहिल्यासारखं करावंच लागतं. बंड्याच्या बाबतीत आम्ही तेच केलं. कुणी "याचं लग्न कधी?" म्हणून विचारलं की आमची सौ. "चहा टाकू का?" म्हणायची. दुसऱ्या घरांत मुलाला डॉक्टरकडे नेतात, बाबाकडे नेतात, घराबाहेर काढतात. आम्ही चकार शब्द काढला नाही. चकार शब्द न काढणं हेच आमच्या घराण्याचं शौर्य, आणि मला त्याचा अभिमान होता. तो या वहीने घालवला.

'चालेल असं शहर' म्हणजे काय ते बंड्याने समजावून दिलं. इंग्रजीत त्याला 'गे-फ्रेंडली' म्हणतात. मी त्याचं मराठी 'समलिंगी-स्नेही' असं केलं. ते ऐकून सौ. म्हणाली, "हे तर वधूवर सूचक मंडळासारखं वाटतंय. नोंदणीकृत." मी तो शब्द खोडला आणि मुळापासून अभ्यासाला लागलो.

माझी पहिली शंका अशी की, एवढ्या लांब जायचंच कशाला? आपल्याकडे न लग्न झालेले स्त्री-पुरुष हॉटेलात गेले तर कित्येक ठिकाणी मॅनेजर भुवया वर करतो, दोन पुरुष गेले तर फक्त "जादा गादी टाकू का?" विचारतो. दोन बाप्ये करंगळीत करंगळी अडकवून बाजारातून हिंडले तरी कुणी वळून बघत नाही. उलट हॉलंडात २०१७ साली आर्न्हेम गावात हात धरून चाललेल्या दोघा पुरुषांना मारहाण झाली. त्याच्या निषेधासाठी तिथले दोन खासदार हेगमध्ये एकमेकांचा हात धरून चालत गेले आणि त्याची बातमी झाली. मी बंड्याला म्हटलं, "मग आपलं काय वाईट आहे?"

बंड्या म्हणाला, "मामा, इथे कुणाच्या मनातच येत नाही, म्हणून चालतं. ज्या दिवशी कुणाच्या मनात येतं, त्या दिवशी करंगळी सोडावी लागते."

मी हे वहीत लिहून ठेवलं. कुठल्या रकान्यात ते मात्र कळेना.

मग मी शहराकडे वळलो, आणि पहिल्याच प्रेक्षणीय स्थळाला थबकलो. ॲम्स्टरडॅममध्ये एक माळ्यावरचं चर्च आहे. १५७८ साली शहराचा कारभार प्रॉटेस्टंटांकडे गेला आणि कॅथलिकांच्या उघड उपासनेवर बंदी आली. तेव्हा एका कॅथलिक व्यापाऱ्याने कालव्याकाठी घर घेऊन त्याच्या माळ्यावर १६६३ मध्ये अख्खं चर्च उभारलं. वेदी, सज्जे, सगळं. खालून बघावं तर सावकाराचं घर. शहराच्या कारभाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? उत्तम माहीत होतं. रस्त्यावरून दिसत नाही ना, मग असू दे, असा मामला. आज तिथे संग्रहालय आहे. (ते ज्या वस्तीत आहे ती कुठली, हे मी सौ.ला सांगितलेलं नाही. तिथे पोचल्यावर कळेलच.)

या प्रकाराला डचांकडे एक शब्दच आहे. तो आपल्या लिपीत 'खेडोखन'च्या जवळपास जातो, पण म्हणताना घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज काढावा लागतो. अर्थ असा की, कायद्यात बसत नाही, पण सरकार दुसरीकडे बघतं. तिथल्या 'कॉफी शॉप'मध्ये कॉफीखेरीज जे काही मिळतं ते याच शब्दाच्या जोरावर. मला उचंबळून आलं. सात समुद्रांपलीकडे काणाडोळ्याला राजाश्रय! मी मिलिंदला मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. तो सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने शांतपणे विचारलं, "मामा, त्या माळ्याला पायऱ्या किती?"

आहेत पुष्कळ, आणि शिडीसारख्या उभ्या. रात्री मला त्या पायऱ्यांनी झोप लागू दिली नाही. आता दुसरीकडे बघायचं म्हणजे काय, नुसती मान वळवायची. तेवढी मान वळवून कारभारी घरी गेले आणि उदार म्हणून इतिहासात नाव लावून बसले. पायऱ्या चढले ते कॅथलिक. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, खाली आवाज जाऊ नये म्हणून दबकत. काणाडोळा करणाऱ्याचे कष्ट ते काय? न दिसण्याचे सगळे कष्ट दुसऱ्याच्या अंगावर.

त्यानंतर वहीतलं प्रत्येक ठिकाण मी या हिशेबाने पाहू लागलो. माळ्यापासून चालत पाचदहा मिनिटांवर, झेडाइक नावाच्या रस्त्यावर, १९२७ साली बेट फान बेरेन नावाच्या बाईने काढलेला एक छोटा बार आहे. बाई मोटारसायकलवरून हिंडायची, गिऱ्हाइकांचे नेकटाय कापून छताला टांगायची आणि आपल्याला बायका आवडतात हे लपवायची नाही. तिच्याकडे खलाशी यायचे, वस्तीतल्या बाया यायच्या, आणि बंड्या-मिलिंदसारखे यायचे. त्या काळी हॉलंडात कायदा असा की, स्त्री-पुरुषांना संमतीचं वय सोळा आणि सारख्या-सारख्यांना एकवीस. हा फरक १९११ मध्ये आला तो थेट १९७१ मध्ये गेला. म्हणजे बेटबाईच्या १९६७ मधल्या मरणानंतर. तिचं शव बारमधल्या बिलियर्डच्या टेबलावर दर्शनाला ठेवलं होतं. सौ.ला हे ठिकाण बघायचंच आहे. ती बारच्या आत यापूर्वी कधी गेलेली नाही, पण नेकटाय ही कापण्याचीच वस्तू आहे असं तिचं पहिल्यापासूनचं मत.

तिसरं ठिकाण मात्र माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते आमच्या खात्याचं आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या रस्त्यावर युद्धकाळात नागरिकांच्या नोंदणीची कचेरी होती. खोटी ओळखपत्रं घेऊन लपलेले ज्यू जर्मनांना या नोंदींवरून ताडून काढता येत. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही जण पोलिसांचे गणवेश घालून आत घुसले आणि त्यांनी ती कचेरी स्फोटाने पेटवून दिली. विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी आधी सावकाशी केली आणि मग कागद भिजून लगदा होईल इतकं पाणी मारलं. मी आयुष्यभर रजिस्टरं वाळवी, उंदीर आणि ऑडिटर यांच्यापासून राखली; पण हे वाचून त्या बंबवाल्यांना मनोमन नमस्कार केला. पुढाऱ्यांमध्ये विलेम अरोंडेउस नावाचा चित्रकार होता, तो समलिंगी होता; गणवेश शिवणाराही तसाच. दोघंही पकडले गेले. जुलै १९४३ मध्ये गोळी घालण्यापूर्वी अरोंडेउसने आपल्या वकील मैत्रिणीकडे निरोप दिला की, आमच्यासारखी माणसं भेकड नसतात हे लोकांना कळवा. युद्ध संपल्यावर लोकांनी त्याचं धैर्य सांगितलं आणि निरोप मात्र कित्येक वर्षं गाळला. काणाडोळा!

मी वही मिटली आणि कारण नसताना मुलीच्या लग्नाचा आल्बम काढला. लग्न २०१९ सालचं. मिलिंद दोन दिवस राबत होता. फुलवाला, आइस्क्रीमवाला, स्टेशनवरून पाहुणे, माझ्या थोरल्या भावाचं इन्शुलिन, सगळं त्याच्याकडे. निमंत्रणपत्रिका बंड्याच्या एकट्याच्या नावाची गेली होती, पण त्याने ते मनावर घेतलं नव्हतं; निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. घरच्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तेव्हा फोटोग्राफर जेवायला बसला होता. मी म्हटलं, "मिलिंद, तू जरा काढतोस का रे?" त्याने काढला. झकास आलाय. बावीस माणसं आहेत आणि बावीसच्या बावीस समोर बघून हसताहेत. समोर म्हणजे मिलिंदकडे. आख्खं घराणं त्याच्याकडे टक लावून बघतंय, आणि फोटोत तो नाही.

सौ. मागे येऊन उभी राहिली. तिने आल्बम पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि "चहा टाकू का?" असं मात्र या वेळी म्हणाली नाही.

चूक कळली की ती दुप्पट जोराने दुरुस्त करायची, हा माझा जुना स्वभाव. दुसऱ्या दिवशी तिकिटांसाठी एजंटाकडे गेलो. सोबत बंड्या होता. कचेरीत काशीयात्रेला निघालेलं एक महिला भजनी मंडळ बसलेलं. एजंटाने विचारलं, "दोन खोल्या. एक तुमची नि मॅडमची. दुसरीत या दोघांना वेगवेगळे पलंग ना?" मी खुर्चीवरून अर्धवट उठून खणखणीत आवाजात म्हणालो, "वेगवेगळे कशाला? ते दोघं जोडपं आहेत! आणि आमचं काहीही म्हणणं नाही!" टाळांच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या चौदा बायकांनी बंड्याकडे पाहिलं. बंड्याने छताकडे पाहिलं. एजंट बिचारा म्हणाला, "माझंही नाही हो काही म्हणणं."

बाहेर आल्यावर बंड्या म्हणाला, "मामा, आधी तू आम्हाला बघत नव्हतास ते बरं होतं. आता तू आम्हाला दाखवायला लागलास."

मोठा पेच पडला. न बघावं तर माणूस माळ्यावर जातो, दाखवावं तर प्रदर्शनात जातो. मग नीट बघणं म्हणतात ते कसं असतं? याचं उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नाही, हॉटेलच्या पत्रात मिळालं. कालव्याकाठच्या एका लहानशा हॉटेलला मी चार प्रवाशांची नावं, वयं, कुणाचं कुणाशी काय नातं, असं सविस्तर कळवलं होतं. अधिक माहिती मागवल्यास पुरवू, असंही जोडलं. उत्तर तीन ओळींचं आलं. दोन्ही खोल्यांत डबल बेड आहेत. हॉटेलला लिफ्ट नाही, जिने अरुंद आहेत. आपल्यापैकी कुणाला गुडघ्यांचा त्रास आहे का?

बंड्या-मिलिंदबद्दल अवाक्षर नाही. आता तुम्ही म्हणाल, हाही काणाडोळाच की. मीही तसंच म्हणालो. त्यावर मिलिंद म्हणाला, "नाही मामा. डबल बेड लिहिलाय ना त्यांनी. बघितलं, आणि पुढचा प्रश्न विचारला."

राहिला नात्याचा रकाना. अनुक्रमांक चार, मिलिंद, नाते काय? 'मित्र' लिहावं तर नऊ वर्षं वाया. 'पार्टनर' म्हटलं की मराठी माणसाला कुणाचा तरी बुडालेला धंदा आठवतो. कायद्याला विचारावं, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांना गुन्हेगाराच्या रकान्यातून काढलं खरं, पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहिताच्या रकान्यात घालायला नकार दिला. मधल्या कोऱ्या जागेत दोघं उभे. ॲम्स्टरडॅमच्या आमच्या खातेबंधूंनी हा रकाना १ एप्रिल २००१ रोजी, मध्यरात्रीच्या ठोक्याला भरला. महापौरांनी स्वतः चार जोडप्यांची लग्नं लावली, आणि कायद्याने झालेली अशी जगातली ती पहिलीच लग्नं. रजिस्टर जाळायची वेळ येते आणि उघडायचीही येते, हे आम्हाला चौतीस वर्षांत कुणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

मी पेन चावत बसलेला बघून सौ. म्हणाली, "अहो, जोडीदार लिहा. बाईचाही असतो नि बाप्याचाही असतो. मराठीत आयता शब्द आहे आणि काय शोधताय?"

लिहिला.

आखणी आता पुरी होत आली आहे. ऑगस्टातली कालव्यावरची होड्यांची मिरवणूक सौ.ला पाहायची होती ("गणपतीसारखीच, फक्त विसर्जन नाही"), पण तेव्हा हॉटेलांचे भाव ऐकून आम्ही मे महिना धरला. जेवणाची चिंता मिटली आहे. सुरिनाममार्गे तिथे गेलेल्या हिंदुस्थानी लोकांची रोटी-भाजी मिळते म्हणे. तरी मेतकूट घेतलंच आहे. शेवटचा दिवस वेस्टरकेर्क या चर्चपाशी. एका बाजूला ॲन फ्रँकचं घर, आणि चर्चच्या मागे कालव्यालगत गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण. नाझी छावण्यांत अशा माणसांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवत, त्याच खुणेचं १९८७ मध्ये हे स्मारक झालं. त्यातला एक त्रिकोण पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरतो. सौ.ने चित्र पाहून सांगितलं, "अगदी घाटासारखं आहे. चौघांचा फोटो इथेच काढायचा."

मिलिंद सवयीने म्हणाला, "मी काढतो ना, मामी."

"तू मध्ये बसायचंस," सौ. म्हणाली. "फोटो कुणीतरी येणाराजाणारा काढील."

मी प्रवास आखणारा माणूस. मला धोके दिसतात. मी म्हटलं, "परका देश. फोन घेऊन तो पळाला तर?"

"पळू दे," सौ. म्हणाली. "आधी फोटो काढ म्हणावं."