शुक्रवारचे ताट

माणसाच्या श्रद्धेची परीक्षा जितकी मंदिरात होते तितकीच ती स्वयंपाकघरातही होते. आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांत रविवारच्या मिस्साबलिदानानंतर मटणाचा रस्सा शिजतो, सणासुदीला पाहुण्यांच्या ताटात सुके मटण पडते आणि त्या वासाने घराला घरपण येते. अशा घरात शुक्रवार उगवतो, उपवासकाळ येतो, आणि दोन प्रश्न उभे राहतात. मांस खाणे पाप नाही, तर ते सोडायचे कशासाठी? आणि सोडलेच, तर त्या दिवशीचे जेवण चविष्ट व पोटभर असावे की नसावे? वरवर पाहता हे प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु त्यांच्या पोटात त्यागाच्या खऱ्या स्वरूपाचा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

आधी नियम काय सांगतो ते पाहू. पोप सहावे पौल यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताविषयीचे आज्ञापत्र काढले. त्यानुसार मांसवर्जनाच्या दिवशी मांस निषिद्ध आहे. अंडी, दूध व दुधाचे पदार्थ नव्हेत. मासळीलाही मनाई नाही. १९८३ च्या धर्मसंहितेने वर्षभरातील शुक्रवार मांसवर्जनाचे ठरवले, मात्र त्या दिवशी मोठा सण आल्यास सूट दिली. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्जन लागू होते. उपवास प्रौढ झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत लागू असून तो राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांचा आहे. मांसाऐवजी दुसरे अन्न वर्ज्य करण्याची किंवा प्रार्थना व दानधर्म यांसारखे पर्याय ठरवण्याची मुभा त्या त्या देशाच्या धर्माचार्य परिषदेला आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. उपवास अन्नाच्या प्रमाणाला मर्यादा घालतो, मांसवर्जन अन्नाच्या प्रकाराला. म्हणून शुभ शुक्रवारी पोटभर जेवणे व्रताला धरून नाही. परंतु इतर शुक्रवारी मांसाविना पोटभर जेवण्यात कोणताही नियमभंग होत नाही. हा भेद विसरल्यामुळे दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. कोणी उगाचच अर्धपोटी राहून चिडचिड करतो, तर कोणी हे आपल्याला झेपणार नाही म्हणून सगळेच सोडून देतो.

मग मांसच का? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचे उत्तर दिले, ते असे की, ज्या अन्नाने माणसाला अधिक सुख व अधिक पोषण मिळते, तेच संयमासाठी निवडले गेले. या उत्तरात मांसाविषयी तिरस्काराचा लवलेश नाही. मांस चांगले आहे, आवडते आहे, म्हणूनच ते ज्या दिवशी प्रभूने आपला देह अर्पण केला त्या दिवशी बाजूला ठेवायचे. ज्याला मांस मुळातच आवडत नाही, त्याने शुक्रवारी ते न खाण्यात कसला त्याग? ज्याच्या तोंडाला रश्श्याच्या आठवणीने पाणी सुटते, त्याच्याच हाती येथे काही देण्यासारखे आहे.

ही गोष्ट आपल्या समाजात विशेष जपून सांगावी लागते. या भूमीत कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवली गेली. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवताना त्यांच्या ताटाकडे बोट दाखवले गेले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्यांपासून ती सुरू होते आणि भुकेच्या इतिहासापर्यंत पोचते. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली आणि गरिबांच्या ताटातले एक स्वस्त अन्न कायद्याने उचलले गेले. अशा वातावरणात आपण शुक्रवारी मांस सोडतो ते शुद्ध होण्यासाठी नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसऱ्याने हिसकावले तर ती वंचना, अपवित्र मानून टाकले तर तो तिरस्कार, आणि चांगले मानून प्रेमापोटी बाजूला ठेवले तरच तो त्याग होय. संत पौलांनी रोमकरांना हेच समजावले: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये.

आता दुसरा प्रश्न. मांसाविना ताट भरीव कसे व्हावे? त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. कोरडवाहू रानात थोड्या पाण्यावर येणारे हुलगे घ्या. त्यांच्या पिठाचे हाताने वळलेले शेंगोळे लसणाच्या फोडणीच्या पाण्यात शिजले की, थंडीच्या रात्री दुसरे काही मागावेसे वाटत नाही. धान्ये व डाळी मसाल्यांसह भाजून दळलेल्या येसराची आमटी आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मानाने वाढली जाते. बेसनाचे डुबुकवडे, जुन्नर-नगर भागातली मासवडी, चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत, हे सारे ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर कष्टकऱ्याची भूक भागवणारे अन्न आहे. यांची चव मांसावर अवलंबून नाही. भाजलेले सुके खोबरे, करपण्याच्या सीमेपर्यंत परतलेला कांदा, लसूण आणि काळा मसाला यांनी मटणाच्या रश्श्याला जी खोली येते, तीच डाळीच्या रश्श्यालाही येते. शरीरालाही यात तोटा नाही. धान्यात जो प्रथिनांचा घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. म्हणून भाकरी-आमटीची जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. आज मराठवाड्यात सर्वत्र पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये तर सुमारे ४० टक्के प्रथिने असतात.

येथे कोणी विचारील, इतके चवीचे जेवण झाले तर ‘एकादशी दुप्पट खाशी’ असेच ना? शंका रास्त आहे. मटणाऐवजी महागडे पनीर आणि वर दोन गोड पदार्थ असा शुक्रवार साजरा करणाऱ्याने नियम पाळला आणि त्याचा हेतू मात्र दाराबाहेर ठेवला. परंतु बेचव अन्न म्हणजेच प्रायश्चित्त, हेही खरे नव्हे. उपवास करताना चेहरा उदास करू नका, असे प्रभूनेच शिकवले आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यात उभ्याने पाळी करणाऱ्या कामगाराला, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला, वाढत्या वयाच्या मुलाला दमदार जेवण लागते. संत थॉमसनीही उपवासाचा विचार करताना मुले व कष्टकरी यांचा वेगळा विचार केला. भरीव ताट ही व्रतातून काढलेली पळवाट नव्हे. श्रम करणाऱ्या घराला व्रत शक्य करणारी ती सोय आहे.

आणि सोयाबीनचे ‘मटण’ केले तर? काही जणांना त्यात फसवणूक वाटते. रानातल्या प्रवासात इस्राएली लोक मांसासाठी रडले, तेव्हा त्यांच्या आठवणींच्या यादीत काकड्या, कांदे व लसूणही होते. त्यांचा दोष आठवणीत नव्हता. देवाने दिलेल्या मान्न्याला त्यांनी तुच्छ मानले, हा तो दोष. म्हणून मटणाच्या पद्धतीने शिजवलेल्या भाजीत आम्हांस पाप दिसत नाही. तरीही शेंगोळे शेंगोळ्याच्या नावाने आणि आमटी आमटीच्या नावाने ताटात यावी, हे अधिक बरे. ज्या अन्नाला आपण सतत दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो, त्याचे आभार मनापासून मानता येत नाहीत.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न वेगळाच आहे. हा त्याग नेमका करते कोण? शेंगोळे वळायला वेळ लागतो, पुरणा-वाटणाला हात दुखतात. घरधन्याने शुक्रवार पाळायचा, त्याला चव उतरली की कुरकुर करायची आणि त्याच्यासाठी गृहिणीने दुप्पट राबायचे, तर प्रायश्चित्त तिच्या पदरी आणि पुण्य त्याच्या नावे, असा व्यवहार होतो. वाचकहो, शुक्रवारी पुरुषांनी व मुलांनी कांदा चिरावा, भाकरी थापून पाहावी, निदान भांडी घासावीत. आपल्या संयमाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे हा संयम नव्हेच.

त्याचप्रमाणे, वाचलेले कोठे जाते हेही पाहावे. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाच्या दिवशी वाचलेल्या अन्नाची किंमत काढून ती विधवा, अनाथ व गरजू यांना द्यावी असा उपदेश आहे. यशया संदेष्ट्यानेही भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणाऱ्या उपवासालाच खरा उपवास म्हटले. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर व परदेशातून आलेल्या लाल मिलोवर दिवस काढलेली माणसे आजही आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मटणाचे वाचलेले पैसे शुक्रवारी डब्यात पडले आणि उपवासकाळाच्या सात शुक्रवारांनंतर तो डबा शेजारच्या अडलेल्या घरी गेला, तर भाजी चविष्ट होती की नाही हा वाद आपोआप मिटेल.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, शुक्रवारी कोणी जुम्म्याच्या नमाजाला जातो, कोणाच्या घरी नान-खलिया असतो, कोणाकडे श्रावण चालू असतो, तर जैन बांधवाच्या पानात कांदाही नसतो. एखाद्या शेजाऱ्याने प्रेमाने वाढलेल्या ताटापुढे आपला नियम कसा सांभाळावा हा विवेकाचा प्रश्न आहे. नम्रतेने सांगितले तर बहुतेक यजमान समजून घेतात. मात्र दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याची श्रद्धा मोजण्याचा अधिकार कोणताही शुक्रवार आपल्याला देत नाही. आपल्या घरची भाकरी-आमटी मात्र अशी आहे की, तिच्याभोवती यांतील बहुतेकांना मांडीला मांडी लावून बसता येते. ज्या समाजाने एकेकाळी ताटावरून आपल्याला पंगतीबाहेर ठेवले, तेथे आपण आठवड्यातून एक दिवस आपली आवड बाजूला सारून पंगत मोठी करू शकलो, तर मांसवर्जनाला त्याचा खरा अर्थ लाभला असे आम्ही मानू. रविवारी मटण शिजेलच, आणि ते देवाचे आभार मानून खावे.