माळ्यावरची बाई

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात मी समास शिकवत होते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी वहीत डोके खुपसून बसली होती. समासात कुणी इतके रंगून जात नाही, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने मला ठाऊक आहे. जवळ जाऊन पाहिले, तो वहीखाली एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. मी ते जप्त केले, दोन शब्द सुनावले आणि पुन्हा द्वंद्व समासाकडे वळले.

मुली काय वाचतात ते पाहणे हे शिक्षिकेचे कर्तव्यच आहे, अशी मनाची समजूत घालून त्या रात्री मी पुस्तक उघडले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शेजारी शब्दकोश घेऊन बसले. पहिल्या दहा पानांनंतर तो उघडायचे भान राहिले नाही. रात्री दीड वाजता आतल्या खोलीतून "आता दिवा मालवा!" असा हुकूम आला, तेव्हा मी उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात हरवले होते. चौथ्या दिवशी पुस्तक परत करताना मी चेहरा शक्य तितका कडक केला. पोरगी माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, दुसरा भाग आणू?"

ते पुस्तक म्हणजे फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाचे 'नॉर्दर्न लाइट्स'. 1995 साली ते निघाले. दुसरा भाग 1997 साली, तिसरा 2000 साली. या कथेतल्या जगात माणसाचा आत्मा त्याच्या शेजारून प्राण्याच्या रूपाने चालतो. लहान मुलांचे हे प्राणी क्षणोक्षणी रूप पालटतात. आता पतंग, आता मुंगूस, आता पाखरू. मूल मोठे झाले की त्याचा प्राणी एका रूपात कायमचा स्थिरावतो. नववीच्या वर्गावर रोज चाळीस-पन्नास अस्थिर प्राणी पाहणाऱ्या मला ही कल्पना किती खरी वाटली असेल, ते सांगायला नकोच.

पुढे कळले की या मालेचे नावच मिल्टनच्या 1667 सालच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यातून उचललेले आहे. मिल्टनच्या कथेत ज्ञानाचे फळ चाखणे हे मानवाचे पतन. पुलमनच्या कथेत तेच मुलाचे मोठे होणे. मी जिला पोरासोरांची अद्भुतकथा समजत होते, ती तीनशे वर्षांपूर्वीच्या कवीशी मांडलेला वाद होती. तिसऱ्या भागाला 2001 सालचा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. वर्षातले सर्वोत्तम पुस्तक हा त्यातला मान त्यापूर्वी कोणत्याही बालपुस्तकाला मिळाला नव्हता.

शिक्षकांच्या खोलीत मी हे उत्साहाने सांगितले, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दुसऱ्याच्या ग्रंथावर आपला ग्रंथ रचायचा, म्हणजे उष्ट्या पत्रावळीवर जेवायला बसायचं. तुम्ही स्वतः कादंबऱ्या लिहिता. तुम्हाला हे पटतं?"

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न मनातून जाईना. जुनी थोर कथा उलटून सांगण्याचा अधिकार कुणाला असतो? आणि अशी उलटलेली कथा वाचताना आपल्याला होणारा आनंद निर्मळ असतो का?

या प्रश्नाचा विचार करू लागले, की मला एक जुनी गोष्ट आठवते आणि थोडी लाज वाटते. सोळाव्या-सतराव्या वर्षी मी 'जेन एअर' वाचली. शार्लट ब्राँटे हिने 1847 साली करर बेल या टोपणनावाने छापलेली ही कादंबरी. जेन ही पोरकी, दिसायला साधी, परक्या घरी मुलीला शिकवून पोट भरणारी. घरधनी रॉचेस्टर याच्याशी तिचे लग्न ठरते आणि ऐन लग्नाच्या वेळी कळते, की त्याची पहिली बायको जिवंत आहे. त्याच घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, कुलपाआड. ती वेडी आहे. तिचे हसणे आणि गुरगुरणे ऐकू येते. तिचे म्हणणे काय, ते मात्र कुणी आपल्याला ऐकवत नाही. शेवटी ती घराला आग लावते, छपरावरून उडी टाकते आणि मरते. जेनचा मार्ग मोकळा होतो.

त्या पानावर मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. एका बाईच्या मरणाने मला आनंद झाला होता, आणि त्यात काही वावगे आहे असे मनातही आले नव्हते.

ती बाई जमैकाची, वेस्ट इंडीजमधली. त्याच बेटांपैकी डॉमिनिकात 1890 साली जन्मलेल्या जीन ऱ्हिस या लेखिकेच्या मनात मात्र ते आले. 1939 नंतर जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या या बाईंनी 1966 साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, 'वाइड सारगॅसो सी' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत माळ्यावरच्या बाईचे बालपण आहे, तिची जळालेली वाडी आहे, तिचे खरे नाव आहे. ते नाव आंत्वानेत. 'बर्था' हे नवऱ्याने तिच्यावर लादलेले नाव. तिच्याबरोबर तीस हजार पौंड आले. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने बायकोचा पैसा नवऱ्याचा होई. पैसा त्याचा झाला आणि तिचे स्वतःचे असे काही उरले नाही. हुंड्याची गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण या पुस्तकाचा मोठेपणा मला आणखी एका ठिकाणी वाटतो. मधला मोठा भाग बहुतांशी नवऱ्याच्या तोंडून येतो. तो धाकटा मुलगा, बापाने पैशासाठी दूर देशी लग्न लावून दिलेला, तापाने फणफणलेला, त्या अनोळखी डोंगरांना आणि रंगांना भ्यालेला. लेखिकेने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेल्या माणसालाही बोलू दिले. जुन्या कथेतला देव आणि दैत्य यांची केवळ अदलाबदल केली, तर माळ्यावरची खोली तशीच राहते. आत कोंडलेले माणूस तेवढे बदलते. अशी पुस्तकेही पुष्कळ निघतात. ती वाचताना आपण जुन्या लेखकांपेक्षा शहाणे आहोत असा एक स्वस्त आनंद मिळतो. तो आनंद मला निर्मळ वाटत नाही.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी आज उत्तर देईन ते असे. शार्लट ब्राँटेने तरी काय केले? ज्या साध्या, गरीब मास्तरणीचे मन विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती, तिला तिने 'मी' म्हणून बोलायला लावले. जीन ऱ्हिसने तोच धर्म एक जिना वर चढून पाळला. हे उष्टे खाणे नव्हे. वडिलांनी अर्धे फेडलेले कर्ज पुढच्या पिढीने फेडणे आहे. आपल्याकडे खांडेकरांनी 1959 साली 'ययाति' लिहिली, तेव्हा ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठा यांनाही आपापली कैफियत मांडायला लावलीच की! त्याने महाभारताचे काही उणे झाले नाही.

अमेरिकेतल्या पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 2024 सालच्या 'जेम्स' या कादंबरीला 2025 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनबरोबर नदीतून पळणारा गुलाम जिम येथे स्वतः बोलतो. गोऱ्यांसमोर तो मोडकीतोडकी भाषा वापरतो. आपल्या माणसांत शुद्ध, डौलदार इंग्रजी. एवढेच नव्हे, गोऱ्यांपुढे कसे अडाण्यासारखे बोलावे, याची तो लहान मुलांना शिकवणी देतो. ते प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून बसले. माझ्या वर्गातल्या मुली माझ्यासमोर जपून, तुटक बोलतात आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या बोलीला असा काही बहर येतो, की ऐकत राहावे. त्यांना तसे बोलायला मीच तर शिकवले नाही ना?

आता स्वतःविषयी. माझ्या पहिल्या कादंबरीत एक कजाग थोरली जाऊ आहे. कोठीची किल्ली कमरेला लावून ती घरभर वावरते, पोरांना मूठभर शेंगदाणेही मोजून देते. वाचकांना ती फार आवडली. ती माझी थोरली काकू होती. पुस्तक निघाले तेव्हा ती हयात नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. काही वर्षांनी काकूची मुलगी भेटली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, आजोबा रोज रात्री आईकडून कोठीचा हिशेब घ्यायचे. एकटीकडून. काही कमी भरलं, की दुसऱ्या दिवशी ते तिच्या ताटातून कमी व्हायचं. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. मी विचारले नव्हते. किल्ली मला दिसली होती. तिच्या कमरेला ती कुणी बांधली, ते मी पाहिले नव्हते. माझ्या वर्णनात एक शब्द खोटा नाही आणि तरीही मी एका बाईला माळ्यावर ठेवून खाली कुलूप लावले होते.

चुलतबहीण काही लेखिका नाही. पण उद्या तिने काकूची गोष्ट तिच्या बाजूने लिहिली, तर मला राग येईल का? खरे सांगायचे, तर येईल. पहिल्या दिवशी नक्की येईल. तरीही ते पुस्तक मी वाचीन, आणि मग माझे जुने पुस्तक पुन्हा काढून दोन्ही शेजारी ठेवीन. उलटून सांगितलेल्या कथेची माझी कसोटी एवढीच आहे: ती संपल्यावर जुनी कथा पुन्हा उघडावीशी वाटली पाहिजे. मी 'जेन एअर' पुन्हा वाचली. जेन मला पहिल्याइतकीच आवडली. पण छपराच्या पानावर या वेळी सुटकेचा निःश्वास आला नाही.

दिवाळीत घरे भरतात. फराळाची ताटे पुढे येतात आणि जुन्या गोष्टी निघतात. अमका कसा उधळ्या होता, तमकी कशी भांडकुदळ होती. सगळे खळखळून हसतात. अशा वेळी चकलीचा तुकडा हातात धरून कोपऱ्यातले कुणीतरी हळूच म्हणते, "तसं नव्हतं ते." बहुधा त्या माणसाचा आवाज हसण्यात बुडून जातो. यंदा आमच्या घरी कुणी तसे म्हणाले, तर मी त्याच्या शेजारी जाऊन बसणार आहे.

नववीतली ती पोरगी आता दहावीत आहे. तिसरा भाग अजून माझ्याचकडे आहे. सुट्टी संपली की परत द्यायचा आहे.